वन्संचं गोसाईंकुंड

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी फसवलं म्हणायला नको. गोसाईंकुंड मी पाहिलेलं नाही. अगदी उंबरठ्यापर्यंत गेले आणि परत फिरले. तरी दिवाळीनंतर जो भेटेल तो मला त्या तळ्याबद्दल विचारतो आणि मी तासभर सांगत बसते. ते ऐकून ऑफिसातल्या दोघीतिघींनी पुढच्या वर्षी जायचं ठरवलंसुद्धा. निदान त्यांच्यासाठी तरी हे एकदा नीट लिहून काढायला हवं.

मुलुंड

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. मालवणकडच्या गावात वाढलेल्या, तिकडेच दिलेल्या. यजमान गेल्यावर आमच्याकडे मुलुंडला आल्या त्या आमच्याच झाल्या. मी टेलिफोन खात्यात, पाळीची नोकरी. कधी पहाटे निघायचं, कधी रात्री उशिरा यायचं. आमचं घर चाललं ते वन्संच्या जिवावर, हे मी सगळ्यांना सांगते. त्यांना मात्र कधी सांगितलं होतं की नाही, आठवत नाही.

दर भाऊबीजेला हे पाटावर बसायचे आणि ताटात साडी घालायच्या आधी विचारायचे, "काय व्हया तुका, ताई?" वन्सं निरांजन खाली ठेवत म्हणायच्या, "माका काय नको रे." मग साडी ताटात पडायची. हे संवाद इतके पाठ झाले होते की मी आतून करंज्यांची बशी नेमकी "नको रे"वर बाहेर आणायची.

परवाच्या नाही, त्याच्या आदल्या भाऊबीजेला मी बशी घेऊन आले आणि वन्सं म्हणाल्या, "माका त्या तळ्याक ने."

कुठलं तळं ते आम्हा दोघांना लगेच कळलं. माझं माहेर पार्ल्याचं. आठवडाभर आधी आम्ही तिकडे गेलो असताना शाळेच्या हॉलमध्ये हिमालयाच्या स्लाइड्सचा कार्यक्रम होता. नोकरी सांभाळून लोकांना डोंगरात नेणारे एक गृहस्थ नेपाळातल्या लांगटांगच्या दरीबद्दल आणि गोसाईंकुंडाबद्दल बोलत होते. हलाहल प्यायल्यावर शंकराच्या अंगाची आग झाली, त्याने त्रिशूळ डोंगरात मारला, पाणी उसळलं, तेच हे कुंड. पडद्यावर निळं तळं आलं. हॉलभर 'अहाहा' झालं. तेवढ्यात माझ्या शेजारून वन्सं हळूच म्हणाल्या, "उलटं लागलंय." आणि खरंच, ती स्लाइड उलटी लागली होती. पाणी इतकं निवांत की वरचा डोंगर कुठला आणि त्याची पडछाया कुठली, हे त्या गृहस्थांनाही पटकन उमगलं नाही. ते हसले, स्लाइड फिरवली, पुढे गेले. वन्सं मात्र त्या तळ्यापाशीच थांबल्या होत्या, हे आम्हाला भाऊबीजेला कळलं.

मग वर्षभर तयारी. ती अर्थातच मी केली. त्या गृहस्थांनी काठमांडूतल्या ओळखीच्या माणसाला लिहून वाटाड्या आणि भारवाहू ठरवून दिले. तंबूबिंबू नाही, वाटेवरच्या लॉजमध्ये मुक्काम. हे ऐकून आमच्या शेजारच्या देसाईकाकूंच्या भुवया वर गेल्या. "लॉजमध्ये? तुम्ही दोघी बायका?" त्यांना दादरच्या स्टेशनाबाहेरचे लॉज दिसत होते. मी त्यांना स्लाइड दाखवणार कुठून!

दर रविवारी मी यांना आणि वन्संना घेऊन बोरिवलीला कान्हेरीच्या पायऱ्या चढायची. शिवाय रोज संध्याकाळी पाठीवर गव्हाची पिशवी बांधून आमच्या बिल्डिंगचे चार मजले वर-खाली. सोसायटीत सगळे मला हसायचे. वन्सं जिन्यात यायला तयार नसत. "मी गवताचे भारे डोकीवर घेऊन डोंगर उतरलेय गं. तू कर." मी त्यांना चिकाटीचं महत्त्व पटवत राहिले. इतकी वर्षं ट्रंक कॉल जोडणाऱ्या बाईला दुसऱ्याला सूचना देण्याची खोड लागतेच.

मला खरी काळजी त्यांच्या एकटेपणाची होती. वन्सं घराबाहेर एकट्या जातच नसत. भाजीला माझी सोबत, देवळात देसाईकाकूंची. सोबत नसली तर त्या दिवशी देऊळ राहायचं. अशा बाईचं परक्या मुलखात कसं व्हायचं? निघायच्या आधी तुळशीला पाणी घालण्यासाठी काकूंना द्यायला स्टेशनजवळच्या किल्लीवाल्याकडून लॅचची तिसरी किल्ली करून घेतली. तोवर आमच्या घराला दोनच किल्ल्या होत्या, एक यांची आणि एक माझी. दार उघडायला वन्सं घरात असायच्याच, त्यामुळे कधी अडलं नव्हतं.

लांगटांगची दरी

रेल्वे, बस, पुन्हा बस, आणि दरीच्या काठावरून जाताना डोळे मिटून म्हटलेली रामरक्षा, हे सगळं मी गाळते. धुंचे नावाच्या गावात आमचा वाटाड्या पासांग भेटला. तिशीतला, कमी बोलणारा, हिंदी चांगलं. सामान उचलायला त्याने डोल्माला आणलं होतं. डोल्मा ही जवळच्याच स्याब्रू गावची, तामाङ जमातीची बाई, वन्संच्याच वयाची. आमचं सगळं ओझं तिने वेताच्या उंच टोपलीत रचलं, टोपलीचा पट्टा कपाळावर घेतला आणि चालायला लागली. मला कसंतरीच झालं. वन्सं मात्र तिच्या चालीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "मान बघ कशी ठेवलीय. शिकलेली आहे."

त्या क्षणापासून त्या दोघींचं जे जुळलं ते जुळलं. डोल्माला हिंदी चार शब्द, वन्संनाही तेवढंच. वन्सं साडीखाली लोकरी पायजमा घालून पदर कमरेला खोचून चालायच्या. डोल्मा तिच्या भाषेत काहीतरी सांगायची, वन्सं मालवणीत उत्तर द्यायच्या, आणि दोघी हसायच्या. मी विचारलं, "काय म्हणाली?" वन्सं म्हणाल्या, "मला काय ठाऊक!"

पहिले दिवस नुसतं जंगल. खाली नदीचा एवढा गडगडाट की ओरडून बोलावं लागे. झाडांवरून शेवाळ्याच्या दाढ्या लोंबत होत्या. आणि मग एका सकाळी ते जंगल संपलं. हळूहळू विरळ होत गेलं असंही नाही, संपलंच. समोर दरी उघडली आणि तिच्या डोक्यावर पांढराशुभ्र डोंगर उभा. इतका जवळ, इतका उंच, की मी नकळत एक पाऊल मागे घेतलं. हे कॅमेरा काढायला गेले आणि तसेच हातात धरून उभे राहिले. मला रडू आलं. का, ते आजही सांगता येणार नाही. घरी मी देवाला हात जोडते ते घाईघाईत, चप्पल घालता घालता. तिथे हात आपोआप जुळले आणि खाली यायला तयार होईनात.

दरीत वाटेच्या मधोमध मंत्र कोरलेल्या दगडांच्या लांबच लांब भिंती आहेत. भिंत नेहमी उजव्या हाताला ठेवून जायचं. आपली प्रदक्षिणाच ती, फक्त चालता चालता होणारी. वन्संना हे फार आवडलं. "आपल्याकडे देवाभोवती फिरायला वेळ काढायला लागतो. ह्यांनी देव वाटेतच मांडलाय."

लॉज म्हणजे दगडी भिंतींची एक खोली. मधे चूल, भिंतीकडेने बाकं, माडीवर ओळीने गाद्या. शेजारी एक जर्मन जोडपं, पलीकडे दोन ऑस्ट्रेलियन मुली, आणि आम्ही मुलुंडकर. जेवायला डाळ-भात नाहीतर उकडलेले बटाटे आणि तिखटजाळ चटणी. मिठाचा लोणीवाला चहा मला काही जमला नाही. वन्सं तो कढी समजून प्यायल्या आणि त्यांनी आणखी मागितला. एका लॉजमध्ये त्यांनी पिशवीतली आमसुलं काढली आणि मालकिणीच्या चुलीवर सार केलं. जर्मन माणसाने वाटी चाटूनपुसून संपवली आणि हे काय, म्हणून विचारलं. यांनी बराच वेळ इंग्रजीतून रातांब्याचं झाड समजावलं. शेवटी तो म्हणाला, म्हणजे टोमॅटो.

दरीच्या टोकाला क्यान्जिन. तिथे एक गोंपा म्हणजे बौद्ध मठ, चीज करण्याचं एक छोटं केंद्र, आणि चहूकडे हिमनद्या. दुपारी आम्ही दगडावर ऊन खात बसलो असताना लांबवर मेघ गरजल्यासारखं झालं. आकाश तर निरभ्र. पासांगने बोट दाखवलं. समोरच्या कड्यावरून बर्फ सुटला होता आणि पांढरा धूर होऊन खाली उतरत होता. दिसला आधी, ऐकू आला नंतर. आपण किती लहान आहोत हे पुस्तकात वाचलं की बरं वाटत नाही. तिथे मात्र फार बरं वाटलं.

चंदनबारी आणि लौरीबिना

आता घोळ सांगते.

दरीतून परत उतरून, दुसऱ्या बाजूने चढून आम्ही चंदनबारीला आलो. पुढे लौरीबिना, आणि त्याच्या पुढच्या सकाळी गोसाईंकुंड. चंदनबारीहून निघायचा दिवस सोमवार होता. वन्संचा सोमवार कित्येक वर्षांचा. मी मात्र उपासाची टिंगल करणारी, साबुदाण्याच्या खिचडीसाठी तेवढी धार्मिक होणारी.

सकाळी पासांग म्हणाला, "आज सब लोग पूरा खाना, पानी बहुत पीना। ऊपर हवा कम है।"

मी वन्संकडे पाहिलं. आता ह्या अडून बसणार, आणि मला समजूत काढावी लागणार. वन्संनी डोल्माने पुढे केलेला सातूच्या पिठाचा वाडगा घेतला आणि शांतपणे खायला लागल्या.

"वन्सं, सोमवार आहे आज."

"वाटेवर उपास लागत नाही. चालणाऱ्याने खायचं असतं."

आणि मग मी काय करावं? मी म्हटलं, मी धरते. शंकराच्या दारात सोमवारी जेवून जायचं मला जिवावर आलं. त्या दरीने माझं डोकं असं काही फिरवलं होतं की सगळ्या जन्माचे राहिलेले सोमवार मला एका दिवसात फेडायचे होते. पाणीही बेताचंच प्याले, कारण थंडीत आडोसा शोधायला जायचा कंटाळा. हे म्हणाले, "अगं, वेड लागलंय का? सांगतोय ना तो." मी ऐकते थोडीच! बिल्डिंगचे चार मजले वर्षभर चढलेली बाई मी.

लौरीबिनाला पोचेपर्यंत झाडं मागे राहिली होती. उघड्या डोंगराच्या सोंडेवर दोनतीन लॉज, बस्स. संध्याकाळी पायाखाली ढग पसरले आणि ढगांच्या पल्याड बर्फाची शिखरं, एकामागून एक, नजर पोचेल तिथवर. सूर्य बुडताना ती आधी पिवळी झाली, मग तांबूस, मग राखेच्या रंगाची. पासांग नावं सांगत होता. मला ती नावं नको होती. एवढं मोठं काही जगात रोज संध्याकाळी होत असतं आणि आपण त्या वेळी कुकरच्या शिट्ट्या मोजत असतो, ह्याचंच मला नवल वाटत होतं.

तेव्हाच माझं डोकं ठणकायला लागलं. जेवणाचं ताट पाहून उलटी झाली. सकाळी उठले तर भिंत धरल्याशिवाय उभं राहता येईना. पासांगने मला चार पावलं सरळ चालायला सांगितलं. मी तोल जाऊन यांच्या अंगावर गेले.

"दिदी, नीचे। अभी।"

मी रडले, भांडले, लिंबूपाणी पिऊन बरं वाटेल म्हणाले. तो ऐकून घेत माझी पिशवी भरत राहिला. मला धरायला तो आणि हे, दोघं लागणार होते. म्हणजे सगळ्यांनी खाली जायचं. मी वन्संकडे पाहिलं. त्या तयार होऊन दारात उभ्या होत्या. काठी, शाल, हळदीकुंकवाची डबी. तळं दोनतीन तासांवर होतं. बारा महिन्यांत त्यांनी दुसरं काही मागितलं नव्हतं. बारा महिन्यांत कशाला, मी त्यांना ओळखते तेव्हापासून.

यांचा चेहरा बघवत नव्हता. "ताई, पुढच्या वर्षी येवया. नक्की येवया."

वन्संनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. मग त्या डोल्माकडे वळल्या आणि वरच्या वाटेकडे बोट दाखवलं. डोल्माने पासांगला काहीतरी विचारलं. पासांगने वन्संचे डोळे पाहिले, त्यांनाही चार पावलं चालायला लावलं. त्या सरळ चालल्या. तो म्हणाला, "डोल्मा सौ बार गई है। जा सकती हैं।"

"एकटी?" हे म्हणाले. "तिला सवय नाही. ताई, तुका जमात?"

वन्सं माझ्याकडे बघून यांना म्हणाल्या, "सुलभाक सांभाळ." आणि निघाल्या.

अरुंद वाट डोंगराच्या कुशीतून वर जात होती. पुढे टोपली घेतलेली डोल्मा, मागे खोचलेल्या पदराच्या वन्सं. वळणावर दोघी दिसेनाशा झाल्या. वन्संनी मागे वळून पाहिलं नाही, आणि मला आधी त्याचाच राग आला.

पुन्हा चंदनबारी

खाली उतरता उतरता डोकं हलकं होत गेलं. दुपारी मी दोन वाट्या डाळ-भात खाल्ला. सोमवारही सुटला आणि मंगळवारही. त्या दोघी संध्याकाळपर्यंत येणार होत्या. संध्याकाळ झाली, धुकं आलं, वाट दिसेना. त्या आल्या नाहीत. पासांग म्हणाला, वर तळ्यापाशी लॉज आहे, राहिल्या असतील. हे दारातून हलेनात. "मी तिला सोडलीच कशी," एवढंच पुन्हा पुन्हा. भाऊ म्हणून ते त्या वेळी किती लहान दिसत होते! मी त्यांना धीर द्यायला गेले आणि माझाच धीर सुटला. हौसेने वर्षभर केलेली तयारी, आणि मोडली ती माझ्या एका हट्टाने. वन्संना काही झालं तर हे मला बोलणार नाहीत, हे मला माहीत होतं. त्याचीच भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आल्यावर त्या दोघी हसत हसत झाडीतून उतरल्या. वन्संचं नाक उन्हाने सोललं होतं. हे धावत पुढे गेले आणि ओरडायलाच लागले. "ताई, रात्रभर पत्ता नाही! सांगूक नको?"

"कोणाक सांगू? तळ्याक?" वन्सं म्हणाल्या. "सकाळचा बघूचा होता. म्हणून रवलंय."

बघायचं होतं म्हणून राहिले. एवढं सोपं!

मग चुलीपाशी बसून त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि मी तोंडात बोट घातलं, कारण वन्सं एका दमात इतकं बोललेल्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. वाटेच्या एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. आधी खाली एक कुंड दिसतं, मग दुसरं, आणि प्रत्येक वेळी वाटतं हेच ते. मग वाट एक शेवटचं वळण घेते. "समुद्रातून लाटा काढून घेतल्या ना, तर जो उरेल तो," वन्संनी सांगितलं. रंग मोरपिसाच्या डोळ्यातला. मधे पाण्याखाली एक खडक, शंकर निजलाय म्हणतात. काठाशी त्रिशूळ रोवलेले, घंटा बांधलेल्या. वन्संनी घंटा वाजवली तर आवाज डोंगराला जाऊन परत आला.

पहाटे काठाला काचेसारखा बर्फ धरला होता. तो काठीने फोडून त्यांनी ओंजळ भरली, डोळ्यांना लावली, हळदकुंकू वाहिलं. ऊन वरच्या शिखरावर आलं, मग पाण्यातल्या शिखरावर. वारा नव्हता. "तिथं बसून पण कळेना गं, सरळ कुठलं आणि उलटं कुठलं. त्या बिचाऱ्याची स्लाइड चुकली नव्हती."

"भीती नाही वाटली?" मी विचारलं.

त्यांनी थोडा विचार केला. "डोल्मा चहा करायला आत गेली, तेव्हा एकटीच होते बघ तिथं. एवढं मोठं तळं आणि मी. आधी वाटली. मग मनात आलं, आपण कधीपासून कोणाला न विचारता कुठं बसलोच नव्हतो."

लॉजची मालकीण चुलीत लाकडं सारत होती. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

धुंचे

धुंच्याला पोचलो तो भाऊबीजेचा दिवस. नेपाळात दिवाळीत एक दिवस कुत्र्यांना ओवाळतात. गावातली सगळी कुत्री गळ्यात सुकलेल्या झेंडूच्या माळा घालून रुबाबात फिरत होती. भावाला ओवाळायची रीत तिथेही आहे. बहिणी भावांच्या कपाळावर कितीतरी रंगांचे टिळे लावत होत्या. लॉजच्या अंगणात घडी केलेल्या घोंगडीवर वन्संनी यांना बसवलं. निरांजन डोल्माने दिलं, लोण्याचं. करंज्यांच्या जागी मी उरलेल्या शंकरपाळ्यांची पुडी सोडली.

ताटात घालायला साडी नव्हती. हे जरा ओशाळले. "मुंबईक गेल्यावर घेवया. काय व्हया तुका, ताई?"

मी पुडी घेऊन उभीच होते, नेहमीप्रमाणे.

वन्संनी निरांजन खाली ठेवलं. "माका घराची एक किल्ली दी."

मला देसाईकाकूंची किल्ली आठवली. तुळशीसाठी आठवडाभरात केलेली. मी पुडी हातात धरून आत गेले आणि माडीच्या जिन्यात बसून मनसोक्त रडले. वन्सं बाहेर डोल्माला ओवाळत होत्या, ही भाऊ नसली म्हणून काय झालं असं म्हणत.

मुलुंड, आत्ता

चौथी किल्ली आता वन्संच्या कनवटीला असते. परवा माझी दुपारची सुट्टी होती. घरात शिरले तर कुणी नाही, गॅसवर झाकलेली आमटी, आणि मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या रिकाम्या घरात एकटी बसले. बऱ्याच वेळाने बाहेरून लॅचमध्ये किल्ली फिरली. वन्सं आत आल्या, चप्पल काढली, पदराने तोंड पुसलं.

कुठे गेला होतात, असं अगदी ओठांवर आलं होतं. मी उठले आणि चहा टाकला.